नागोराव पेशकारांच्या मोकळ्या पेट्या

पेटी उघडण्याआधी नागोराव पेशकार तिच्या झाकणावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि थांबायचे. मान जराशी तिरकी करून, आतून कोणीतरी ‘या’ म्हणणार आहे अशा बेताने थांबायचे. मगच झाकण वर. आत काही नसायचं. कधीच काही नसायचं. तरी पुढच्या वेळेस पुन्हा टकटक.

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, वेड्याच्या घरात बिऱ्हाड करायची पाळी आली.

वसमतच्या मराठी शाळेवर मी मास्तर म्हणून रुजू झालो ते साल सदतीस-अडतीसचं असावं. निजामाचं राज्य होतं. मी एकटा जीव, हातात एक पत्र्याची ट्रंक आणि डोक्यात, आता कशाला खोटं बोला, भरपूर घमेंड. कोणी खोली देतं का म्हणून दारोदार विचारत नागोरावांच्या ओट्यावर पोचलो. ते तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे एकेक कागद ठेवायचा आणि त्यात काय आहे ते खणखणीत आवाजात सांगायचं, हे त्यांचं काम. अंगात शेरवानी, डोक्याला रुमाल, वय पंचेचाळिशीच्या आसपास. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जातसुद्धा विचारली नाही, आणि हे तर आपल्याकडे नवलच. ते सरळ माझ्या ट्रंकेपाशी उकिडवे बसले आणि टकटक केलं.

‘मास्तर, हिची डावी बिजागरी दुखून राहिली हो. किती दिवस झाले?’

‘ट्रंक आहे ती,’ मी म्हणालो.

‘ते दिसून राहिलं मला. तकलीफ किती दिवसापासून हाय, ते इचारलं.’

त्यांनी तिथंच बसून बिजागरी सरळ केली, तिच्यात एरंडेलाचा थेंब सोडला आणि मला खोली दिली. माझ्याआधी एक कारकून येऊन गेला होता. त्याने बोलता बोलता आपल्याच ट्रंकेवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. त्याला नागोरावांनी तसाच वाटेला लावला होता, हे मला सोनाक्कांनी नंतर सांगितलं.

सोनाक्का या नागोरावांच्या थोरल्या बहीण. फार लहानपणी कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेल्या. घर सांभाळायच्या आणि भावालाही सांभाळायच्या. दोन्हींपैकी घर सोपं आहे, असं त्यांचं मत होतं.

नागोरावांकडे एकेचाळीस पेट्या होत्या. सगळ्या बायकांचे डाग, म्हणजे दागिने, ठेवायच्या. मधल्या खोलीत भिंतीला चार फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर या पेट्या ओळीने बसलेल्या. करंडे, डब्या, फणेरपेट्या, लाखेचा रंग दिलेले पिटारे, चंदनाची एक एवढीशी पेटी, आणि परदेशातून आलेला एक पत्र्याचा डबा, ज्याच्या झाकणावरची गोरी मडम गालावर गंज चढूनही हसायची थांबली नव्हती. एवढ्या पेट्या म्हटल्यावर गावाची खात्रीच होती की पेशकारांनी वाडवडलांचं सोनं दडवलंय. एकदा कचेरीतल्या एका सोबत्याला राहवेना. तो घरी आला आणि आडून आडून विचारू लागला. नागोरावांनी आनंदाने एकेचाळीसच्या एकेचाळीस पेट्या टकटक करून उघडून दाखवल्या. गुंजभर सोनं निघेना. त्या माणसाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. जाताना तो मला हळूच म्हणाला, ‘सांभाळा हो यांना.’

शुक्रवारी कचेरी बंद, शाळा बंद. त्या दिवशी सगळ्या पेट्या खाली उतरायच्या. लाकडाच्या असतील त्यांना जवसाच्या तेलाचा हात, पितळेच्या असतील त्यांना चिंच आणि राख. पुसून झालं की नागोराव सतरंजीवर मांडी घालायचे, एकेक पेटी समोर घ्यायचे आणि कचेरीतल्याच आवाजात पुकारा करायचे.

‘नाव फणेरपेटी, साकीन हैदराबाद, उमर अंदाजे शंभर साल, हाजिर हाय!’

मी आधी हसायचो. खरंतर हसण्यासाठीच जाऊन बसायचो. पण तीन-चार शुक्रवार झाले आणि माझं हसू कधी गेलं ते मलाच कळलं नाही. ती शिसवी फणेरपेटी त्यांनी माझ्यासमोर उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा होता, मागे टेकू दिला की उभा राहायचा. फणीला एक खण, मेणाला एक, कुंकवाला एक. आरशाचा पारा कडेने उडाला होता.

‘बघा तिच्यात,’ ते म्हणाले. ‘शंभर सालात किती बायांनी कपाळ पाह्यलं असंल हिच्यात! सगळ्या गेल्या. आरसा हाय.’

मी वाकून पाहिलं तर माझीच दोन दिवसांची दाढी दिसली, आणि दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं मला वाटलं. मी पटकन मागे सरलो. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं असावं.

आणि ती बिदरी डबी! काळीभोर, आणि त्या काळ्यावर चांदीच्या तारेची वेल. काळ्या धातूत आधी बारीक खाच कोरायची आणि मग तिच्यात चांदी ठोकून बसवायची, असं ते काम असतं. नागोराव म्हणाले, ‘डोळे मिटा आन बोट फिरवा. चांदी कुठं लागती ते सांगा.’ मी फिरवलं. काही म्हणजे काही लागलं नाही. डोळे उघडले तर बोट बराबर वेलीवर.

‘हे केलं कसं?’ मी विचारलं.

‘बोटं सगळ्यालाच दहा असतात, मास्तर. या मानसाच्या बोटाला घाई नव्हती.’

मी वर्गात पोरांना पाढे भरभर म्हणत नाहीत म्हणून छड्या मारणारा माणूस. त्या दिवशी कोण कुठला कारागीर, त्याचं नाव कोणाला माहीत नाही, आणि एका पानासाठी तो किती दिवस वाकून बसला असेल याचा विचार करत मी रात्रीचं जेवण अर्धं टाकलं. सोनाक्का म्हणाल्या, ‘घ्या! लागली यालाबी लागण.’

ही डबी नागोरावांनी औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेतून आणली होती, आणि तिच्या बदल्यात चांगली दुभती लाल कंधारी गाय देऊन आले होते. गाय घेऊन गेलेला भाऊ हातात डबी घेऊन परत आलेला पाहिला तेव्हा सोनाक्का एवढंच म्हणाल्या, ‘नागू, दूध काय हिच्यातून काढू?’ पुढचे सहा महिने त्यांनी भावाला काळा चहा दिला. नागोराव तो गुळाचा काळा चहा भुरके मारत प्यायचे आणि डबीकडे पाहायचे.

त्यांचा नियम एकच होता. पेटीत काही ठेवायचं नाही. एकदा सोनाक्कांनी चंदनाच्या पेटीत हिंगाचा खडा ठेवला. घरात डबा सापडेना आणि पेटी समोर होती, एवढंच कारण. नागोराव कचेरीतून आले, दारातच थबकले, नाक वर केलं आणि ओरडले, ‘आक्का! काहून?’ त्यानंतर ती पेटी महिनाभर अंगणात उन्हात होती. तिच्यात झेंडूची फुलं घालून झाली, केवड्याचं पान घालून झालं, वाळा घालून झाला. येणाऱ्याजाणाऱ्याला नागोराव खालच्या आवाजात सांगायचे, ‘हिची तबियत बराबर न्हाई.’ लोक पण मोठे सज्जन. ‘होईल बरी,’ म्हणून जायचे.

सगळ्यांत वरच्या फळीवर एकटी बसायची ती मोरपेटी. तिचा पुकारा होत नसे. शिसवी लाकडात पितळेची तार बसवून काढलेला मोर, पिसारा मागे झाकणभर पसरलेला, आत लाल मखमल. नागोरावांनी ती मला एकदाच दाखवली. पिसाऱ्यातल्या एका डोळ्यावर त्यांनी अंगठा दाबला आणि पेटीच्या तळातून, जिथे फटसुद्धा दिसत नव्हती तिथून, बोटभर रुंदीचा एक खण पुढे आला. आवाज नाही, धक्का नाही. मी एवढा मोठा बाप्या, पण ‘पुन्हा!’ म्हणालो. चारदा म्हणालो. चारही वेळा माझ्या अंगावर काटा आला.

‘कोणतं पीस?’

‘ते तिला ठावं आन मला ठावं,’ नागोराव म्हणाले आणि पेटी वर गेली.

आता असा माणूस आपली पेटी दुसऱ्याला कशाला देईल? पण द्यायचे. एका कामासाठी द्यायचे. आमच्या भागातल्या खेड्यांत तेव्हा लग्नाची एक चाल होती. मुलीला माहेराकडून जे काही डाग घातले जायचे ते पेटीत ठेवून वाजतगाजत मांडवात आणायचे आणि सगळ्यांसमोर झाकण उघडायचं. थोरामोठ्यांचं ठीक होतं. पण ज्याच्याकडे एक डोरलं आणि सोन्याच्या चार पुतळ्या, त्याने त्या फडक्यात बांधून आणायच्या का? असे बाप नागोरावांच्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि नागोराव त्यांना पेटी द्यायचे. चांगल्या पेटीत चार पुतळ्यासुद्धा भरल्या दिसतात, मी स्वतः पाहिलंय.

अट एकच, पेटीसोबत नागोराव स्वतः जाणार. कारण त्या चालीला एक पुढचा भाग होता. झाकण उघडलं की मुलाची आई उठायची आणि झाकणाला हळदकुंकू लावायची. एकदा ते बोट लागलं की पेटी आतल्या डागांसकट सुनेची. मग ती माहेरी परत न्यायची नाही, मागायची तर मुळीच नाही. म्हणून नागोराव पेटीला टेकून बसायचे. सासूबाईचं बोट कुंकवाच्या कोयरीत बुडालं की ते अलगद डाग तबकात काढायचे, तबक पुढे करायचे आणि पेटी उपरण्याखाली घ्यायचे. ‘तबकाला लावा, ताई. तबकाचा रिवाज लई जुना हाय.’ हे ते अशा पेशकारी आवाजात सांगायचे की कोणी वर मान करून पाहायचं नाही. असा काही रिवाज नव्हता. त्यांनीच काढलेला होता. लोक त्यांना नवरीचा मामा समजायचे आणि मानाचं उपरणं द्यायचे. सोनाक्कांकडे अशा उपरण्यांचं एक गाठोडंच होतं.

मी वसमतला येऊन दोन वर्षं झाली असतील. वैशाखात कुरुंद्याचा सखाराम आला. थोडीशी जमीन, तिच्यात हळद, आणि मुलगी गंगू. तिचं लग्न हट्टा गावच्या एका बऱ्या घरात ठरलं होतं. नागोराव नेमके हिवतापाने दोन गोधड्यांखाली पडलेले. दात वाजत होते, तरी सोनाक्कांना म्हणाले, ‘फनेरपेटी दे त्याला.’ सखाराम फडक्यात बांधलेली पेटी छातीशी धरून गेला. नवरीच्या चुलत्याला सगळं समजावून दिलं होतं, केव्हा डाग काढायचे, केव्हा तबक पुढे करायचं. काळजीचं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. नागोराव उठून बसले आणि त्यांची नजर फळ्यांवर गेली. फणेरपेटी जागेवर होती. सगळ्यांत वरची फळी रिकामी.

‘आक्का, मोरपेटी?’

‘सखारामला दिली की.’

‘मी फनेरपेटी म्हनलो व्हतो!’

‘तापात तू काय म्हनलास ते कुनाला समजंल? मोर चांगला दिसला, दिला. लगीनच व्हतं ना पोरीचं?’

नागोरावांनी गोधडी पुन्हा डोक्यावरून ओढली. मला वाटलं, पुन्हा ताप चढला.

संध्याकाळी सखाराम आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. ‘मालक, घात झाला,’ म्हणाला आणि रडायलाच लागला. चुलता तबक घेऊन तयार होता. पण नवऱ्या मुलाची आई पार्वताबाई मोठी हौशी बाई. मोर दिसताच ‘अगं बाई!’ म्हणत उठली, आणि बोट कसलं, मूठभर कुंकू झाकणावर फासून मोकळी झाली. वाजंत्री वाजली. पेटी नवरीच्या गाडीत बसून हट्ट्याला गेली.

‘मी जातो, पाया पडून मागून आनतो,’ सखाराम म्हणाला.

‘तू मागितलीस तर पोरीचं काय व्हईल?’ नागोरावांनी विचारलं.

याचं उत्तर त्या ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पेटी उसनी निघाली की डागही उसनेच असतील, असं बोललं जाणार. गंगूला ते आयुष्यभर ऐकावं लागणार, पाणी भरताना, भाकरी थापताना, लेकरू मांडीवर घेतानासुद्धा. आणि नाही मागितली, तर नागोरावांची मोरपेटी गेली ती गेली. सखारामला त्यांनी घरी पाठवलं. पुढचा शुक्रवार आला, पण एकही पेटी खाली उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, ‘मास्तर, हट्ट्याला जाऊ. छकडा सांगितला हाय.’

छकड्यात बसलो. त्यांच्या मांडीवर शिसवी फणेरपेटी होती.

‘ही कशाला?’

‘हिच्या बदल्यात ती मागनार. सरळ सांगनार, माझी चीज हाय, चुकून आली.’

‘आणि ती पोर?’

‘तिलाबी पेटीच भेटून राहिली ना?’

मला असा संताप आला की काय सांगू. माणसाला वेड असावं, पण त्याला काही हद्द? मी त्यांना वाट्टेल ते बोललो. लाकडाच्या एका डब्यापायी एका पोरीच्या जन्माचं मातेरं करणार का तुम्ही, असंही बोललो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, ज्यांच्या घरात मी राहत होतो. करदोट्याला बांधलेली एक पितळेची बारकी किल्ली त्यांनी सोडली आणि हट्टा येईपर्यंत बोटांत फिरवत राहिले. मोरपेटीची होती ती. पेटीसोबत गेली नव्हती.

ऊन चढलं तेव्हा आम्ही पोचलो. सोप्यात सात-आठ बायका जमल्या होत्या आणि मध्ये पाटावर मोरपेटी. पार्वताबाई सांगत होत्या, ‘बघा गं, बघा! सुनेच्या माहेरची हाय. हट्ट्यात अशी हाय का कुनाकडं?’ कुंकवाने मोराचा गळा लाल झाला होता. तेवढ्यात गंगू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पंधरा-सोळा वर्षांची पोर, हिरव्या चुड्याने हात भरलेले. कुरुंद्याच्या लग्नांत पेटीला टेकून बसलेले नागोराव तिने पाहिलेले असावेत; तिने त्यांना लगेच ओळखलं. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. ती तिथंच उभी राहिली, मागे नाही की पुढे नाही, आणि तिच्या तोंडावरचं रक्त उतरताना मला दिसलं.

‘तुमी कोन म्हनायचं?’ पार्वताबाईंनी विचारलं.

नागोराव पेटीजवळ बसले. ‘जरा बघू का?’ एवढंच म्हणाले.

झाकण उघडलं. लाल मखमलीवर चार पुतळ्या होत्या. आणि पुतळ्यांशेजारी, नीट मांडून ठेवलेली, पाच हळकुंडं. मखमल पिवळी झाली होती.

‘ते तिनंच ठिवलं,’ पार्वताबाई हसून म्हणाल्या. ‘बापाच्या शेतातली हाय म्हनं. रोज उघडून वास घेती अन् मग कामाला लागती. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे बाई. मीबी सासरी आले तवा असंच काय काय आनलं व्हतं.’

हिंगाचं काय झालं होतं ते मी पाहिलेलं. नागोराव वाकले, पेटीत जवळजवळ तोंड घातलं आणि वास घेतला. किती वेळ घेतला ते सांगता येणार नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांचा तो कचेरीतला खणखणीत आवाज आला.

‘मी पोरीचा मामा. हिवतापानं पडलो व्हतो, लग्नाला येनं झालं न्हाई. पेटीची किल्ली माझ्यापाशी ऱ्हायली. ती द्याया आलो.’

त्यांनी किल्ली गंगूच्या ओंजळीत ठेवली. पोर वर पाहीना. खाली मान घालून नुसती रडत होती.

‘रडती काहून?’ पार्वताबाई म्हणाल्या. ‘मामाला बघून रडू येतंच म्हना.’

‘अजून एक ऱ्हायलं,’ नागोराव म्हणाले. ‘हिला एक चोरखन हाय. तो मामानं भाचीला एकलीला दावायचा. बाकीच्यानं तोंड फिरवायचं. रिवाज लई जुना हाय.’

हट्ट्याच्या त्या सोप्यात सात-आठ बायका, स्वतः पार्वताबाई आणि मी, सगळे मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. पाठीमागे नागोरावांचा अगदी हळू आवाज आला. ‘हे पीस. असं दाब. तुझं काय असंल ते इथं ठिव. दुसऱ्या कुनाला सांगायचं न्हाई, नवऱ्यालाबी न्हाई.’ मी भिंतीवरच्या शेणाच्या सारवणाकडे पाहत होतो आणि सकाळी जे बोललो त्याची मला इतकी लाज वाटत होती की कोणी तोंड फिरवायला सांगितलं याचं बरंच वाटलं.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नागोरावांना मामाचा मान म्हणून उपरणं मिळालं. निघताना गंगू पाया पडली तेव्हा ते घाईघाईने छकड्यात चढून बसले.

परतीच्या वाटेवर फणेरपेटी पुन्हा त्यांच्या मांडीवर होती. मीच म्हणालो, ‘मला माफ करा.’

‘तुमी बराबरच बोलला. जाताना मी मागायलाच चाललो व्हतो.’ मग फणेरपेटीवर हात फिरवत म्हणाले, ‘ती पेटी यमुनाची व्हती.’

नागोरावांचं लग्न झालं होतं हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा ते नुकते नोकरीला लागलेले. कचेरीच्या कामाने हैदराबादला गेले असता मोरपेटी दिसली आणि पहिला सगळा पगार तिच्यात घालून ते घरी आले.

‘तिनं इचारलं, आत काय आनलं? आत काय असनार? मी म्हनलं, पेटी आधी, डाग मागून. पुढच्या साली पुतळ्या करू. ती हसली. मोकळी पेटीच उशाशी घिऊन झोपायची. कुनी बाई आली की दावायची. उघडायची न्हाई, वरूनच दावायची. मानमोडीच्या तापाची साथ आली, त्यात गेली. पुढचं साल आलंच न्हाई.’

त्या मधल्या खोलीत मी दोन वर्षं हसायला जात होतो. एकेचाळीस पेट्या, प्रत्येक पेटी या माणसाने शोधून आणली, पुसली, दुखलं-खुपलं पाहिलं, आणि एकीतही गुंजभर काही ठेवलं नाही, कारण जिच्यासाठी ठेवायचं ती नव्हती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण छकड्यात वाकायला जागा नव्हती.

‘आज तिच्यात हळदीचा वास हाय, मास्तर,’ ते म्हणाले. ‘यमुनाला लई आवडला असता.’

वसमत आलं तेव्हा दिवस कलला होता. सोनाक्का ओट्यावर वाट पाहत उभ्या होत्या. मला वाटलं, आता विचारतील, आणली का. त्यांनी भावाचे रिकामे हात पाहिले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

‘दिली ना, नागू?’

नागोराव चमकून बहिणीकडे पाहत राहिले. मीही पाहत राहिलो. तापात काय म्हणालास ते कुणाला समजेल, असं म्हणणाऱ्या त्या बाईला सगळं नीट समजलेलं होतं.

‘दिली, आक्का.’

‘बरं केलंस,’ सोनाक्का म्हणाल्या. ‘वीस वर्सं माझी जीभ उचलंना, ती पेटी कुनाला दे म्हनायला.’ आणि त्यांनी आम्हा दोघांपुढे पाय धुवायला पाणी ठेवलं.